सही जुळते, तरी व्यापारी मानत नाही

प्रश्न: तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. भाच्याने लिहून दिलेली स्क्रिप्ट रोज संध्याकाळी प्रत्येक व्यापाऱ्याच्या मालाचं स्टेटमेंट काढते, ओपनएसएसएल या प्रोग्रामने त्यावर डिजिटल सही करते आणि स्टेटमेंट व सही अशा दोन फाइली ईमेलने पाठवते. आमची पब्लिक की (सही तपासायची किल्ली) सगळ्यांकडे आधीपासून आहे. एक व्यापारी म्हणतो, १२ मार्चला ६४० बॉक्स होते. आमच्या फाइलीत ४६० आहेत. त्याने दाखवलेल्या फाइलीशी सही जुळत नाही, आमच्या फाइलीशी जुळते. त्याच्या वकिलांची नोटीस आली आहे: ही सही कायद्याने सही नाहीच, शिवाय प्रायव्हेट की (सही करायची किल्ली) तुमच्याकडेच असल्याने तुम्ही मागाहून आकडा बदलून पुन्हा सही केली. काय करावं?

उत्तर: आधी एक काम. स्टेटमेंटच्या फोल्डरवर स्क्रिप्ट पुन्हा चालवू नका. फाइलींच्या तारखा बदलल्या की समोरचा वकील तेवढंच धरून बसेल. फोल्डर आहे तसा वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवा, फाइलींचे हॅश (फाइलीवरून निघणारा, ती जराही बदलली की बदलणारा आकडा) काढून ठेवा, आणि पाठवलेल्या ईमेलना हात लावू नका.

नोटिशीतला पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० प्रमाणे डिजिटल सही ‘वर्गणीदारा’ची असते, म्हणजे ज्याच्या नावे प्रमाणपत्र दिलेलं आहे त्याची. भाच्याने घरच्या घरी बनवलेल्या कीला परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र नाही. त्यामुळे सुरक्षित सहीबद्दल न्यायालय जे गृहीत धरतं, ते तुमच्या वाट्याला येणार नाही. पण म्हणून तुमची फाइल रद्दी ठरत नाही. ती इलेक्ट्रॉनिक अभिलेख (रेकॉर्ड) आहे आणि पुरावा म्हणून दाखल करता येते, फक्त सिद्ध तुम्हाला करावी लागेल. ‘ती माणसाने नाही, स्क्रिप्टने पाठवली’ हा आक्षेप आला तर कलम ११ दाखवा: तुम्ही आपोआप चालायला लावलेल्या यंत्रणेने पाठवलेला अभिलेख तुमचाच धरला जातो.

दुसरा मुद्दा जास्त टोचणारा आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या बरोबरही. सहीमुळे तिऱ्हाइताने केलेला फेरफार उघडा पडतो. ज्याच्या हातात प्रायव्हेट की आहे, तो मात्र आज नवा आकडा टाकून आजच सही करू शकतो; संगणकाचं घड्याळ मागे घेतलं की तारीखही जुनी. म्हणून तुमच्याकडची सही तुमच्याच फाइलीशी जुळली, याला मी फारसं महत्त्व देत नाही.

महत्त्व आहे त्याच्या मेलबॉक्समधल्या सहीच्या फाइलीला. ती १२ मार्चलाच त्याच्याकडे गेली आणि त्यानंतर तुमच्या हातात राहिली नाही. ती सही ४६० च्या फाइलीशी जुळली, तर ‘मागाहून केली’ हे म्हणणं तिथेच कोसळतं. म्हणून उत्तरात मूळ ईमेल दोन्ही जोडफाइलींसह हजर करण्याची लेखी मागणी करा. मात्र त्याची फाइल जुळत नाही एवढ्यावरून त्याला खोटारडा म्हणू नका. दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून सेव्ह केली तरी हॅश बदलतो आणि सही जुळत नाही. आकडाच कसा बदलला, हे त्याला सांगू द्या.

न्यायालयात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हीत हॅश लिहावा लागतो. हे टाळता येईल अशी आशा धरू नका. जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, तेव्हाच्या साक्ष कायद्याच्या कलम ६५ब खाली, असं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. मूळ संगणकच कोर्टात आणून दाखवला तर गोष्ट वेगळी.

पुढच्या हंगामाआधी संस्थेच्या नावाने डॉक्युमेंट सायनर सर्टिफिकेट घ्या. स्क्रिप्टने आपोआप सही करण्यासाठीच ते असतं. सोबत परवानाधारक संस्थेचा टाइमस्टँप (वेळेचा शिक्का) जोडायला भाच्याला सांगा. आणि सध्याची की पासवर्डशिवाय त्याच फोल्डरात पडली असेल (बहुतेक ठिकाणी पडलेलीच असते), तर तो फोल्डर कोणाकोणाला उघडता येत होता याची यादी आजच करून माझ्याकडे आणा. नोटिशीचं उत्तर ती पाहिल्यावरच लिहू.