फिजिक्सवाल्या मुलीला बायोलॉजीच्या लॅबमध्ये घेतील का?

प्रश्न: ताई, मी एसवाय बीएस्सीला आहे, विषय फिजिक्स. पण पेशीच्या आत काय चालतं याचं मला भयंकर वेड लागलंय, आणि बायोलॉजी तर दहावीनंतरच सुटलं. सर म्हणतात आधी एमएस्सी कर मग रिसर्चचं बघू, घरचे म्हणतात मार्क जातील. आत्ता काही करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर: अगं, येईल की! आणि एमएस्सीपर्यंत थांबूच नकोस. बायोलॉजी सुटलं म्हणून तू मागे पडलीस असं अजिबात नाहीये, उलट त्या लॅबना फिजिक्सवाली माणसं हवी असतात. प्रा. रूप मलिक यांचंच बघ ना, पीएचडी फिजिक्समध्ये, तीही आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमधून, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधून, आणि नंतर काम कशावर तर पेशीत माल वाहून नेणाऱ्या मोटर प्रोटीनवर. लेझरच्या झोतात बारीकसा कण पकडून ठेवायचा आणि हे प्रोटीन त्याला किती जोराने ओढतं ते मोजायचं, तो जोर असतो जेमतेम काही पिकोन्यूटन (एक पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग). २०१४ चा भटनागर पुरस्कार, म्हणजे विज्ञानातला मोठा राष्ट्रीय पुरस्कार, त्यांना मिळाला तो जीवशास्त्रासाठी. आता ऑप्टिक्स, फोर्स, नॉइज हे सगळं तू शिकतेच आहेस, फक्त ते पेशीला लावायचंय.

सुरुवात मानखुर्दच्या होमी भाभा सेंटरपासून (टीआयएफआरचंच विज्ञान शिक्षणाचं केंद्र) कर, मुलुंडहून कुर्ल्याला उतरून हार्बर पकडायची. तिथे २००४ पासून एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा कार्यक्रम चालतो, बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच, आधी कॅम्प होतो आणि त्यातून निवडलेल्यांना मेंटरबरोबर मोठा प्रोजेक्ट करायला मिळतो. मला हे सगळ्यात आवडतं, कारण संशोधनात पहिले काही महिने काहीच जमत नाही आणि ते जमेपर्यंत टिकायला वेळ मिळायला हवा. उन्हाळ्यासाठी टीआयएफआरचं व्हीएसआरपी आहे, म्हणजे बाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे संशोधन करू देणारा कार्यक्रम, शिवाय तीन विज्ञान अकादम्यांची मिळून समर फेलोशिप आहे, दोन महिने, देशात कुठेही, स्टायपेंडसकट. त्याचे फॉर्म उन्हाळ्याच्या बरेच आधी निघतात, तेव्हा दिवाळीपासूनच वेबसाइट बघत राहा आणि शिफारसपत्रासाठी सरांना आधीच सांगून ठेव.

मार्कांची काळजी घरच्यांना वाटणारच, आणि ती अगदीच चुकीची नाही, कारण चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च, म्हणजे संशोधनासह चार वर्षांची पदवी, घ्यायचं तर यूजीसीच्या नियमाने पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्के लागतात. म्हणून सेमिस्टर चालू असताना आठवड्यातले मोजके तास दे, खरं काम सुट्टीत कर.

आणि थेट प्राध्यापकांना मेल करणार असशील तर प्लीज एकच मेल पन्नास जणांना पाठवू नकोस, ते लगेच कळतं. त्यांचा एक पेपर घे, सगळा नाही कळला तरी चालेल, त्यातला एखादा आलेख नीट समजून घे आणि तो बघून तुला काय प्रश्न पडला ते दोन ओळीत लिही, सोबत पायथॉन येतं का, कुठला प्रयोग स्वतः जुळवलायस ते सांग. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर आणि मग पुढच्या लॅबकडे वळ.