ब्लेझरवर पूर्ण मेडलच लावा, पण आधी डिस्चार्ज बुक उघडा

हवालदार साहेब, जय हिंद. तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातनं गेली नाही. 26 जानेवारीला गावच्या शाळेत झेंड्याला पाहुणे म्हणून बोलावलंय, त्यानंतर युनिटचं रियुनियन आहे, आणि प्रश्न असा की ब्लेझरवर वर्दीवरची जुनी रिबनची पट्टी (मेडलाऐवजी लावायच्या रंगीत फितींची) लावू का बाजारातनं फुल साइज मेडल आणून लावू. आणि मधेच एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, की रिबन नऊ आहेत पण घरात डबीत मेडलं सहाच आहेत. सगळ्यांनी खाली ब्लेझर आणि बेरेवर उत्तरं दिलीत, त्या ओळीवर कुणीच काही बोललं नाही. मला मात्र तिथंच थांबावं लागलं, कारण माझी बरीच वर्षं त्याच गोष्टीत गेलीत.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो. सिव्हिल कपड्यांवर दिवसाच्या कार्यक्रमाला फुल साइज मेडल, डाव्या छातीवर. रिबनची पट्टी ही वर्दीची गोष्ट आहे, ती ब्लेझरवर लावू नका. सर्व्हिसमधे रोजच्या वर्दीवर रिबन, सेरेमोनियलला पूर्ण मेडल, मेस ड्रेसवर मिनिएचर म्हणजे मेडलाची छोटी प्रतिकृती, हे तुम्हाला मी काय सांगणार. रिबन आणि मेडल दोन्ही एकदम कधीच नाही, मागे एका कार्यक्रमात एका गृहस्थांनी खाली मेडलं आणि वर रिबन असं दोन्ही लावलेलं बघितलं, वाईट वाटलं, कुणी सांगायला नव्हतं त्यांना. संध्याकाळी रियुनियनचं जेवण असेल आणि निमंत्रणात मिनिएचर लिहिलं असेल तरच मिनिएचर, नाहीतर त्या खर्चात पडू नका.

हे माझं मत आणि आमच्या पलटणीत बघितलेली पद्धत. नेव्ही, एअर फोर्सवाल्यांचे ड्रेसचे नियम वेगळे आहेत आणि आदेश बदलतात, त्यामुळे रियुनियनचं जे पत्र आलंय त्यात ड्रेसबद्दल जे लिहिलंय ते माझ्यापेक्षा वरचं समजा.

आता मुद्द्याचं. तीन रिबन जास्त आहेत त्यांची मेडलं कुठे आहेत?

रिबन दुकानात मिळते. रेजिमेंटच्या सेंटरच्या बाहेर, कॅन्टोन्मेंटच्या बाजारात, कुठेही जा, पैसे द्या, पट्टी शिवून मिळते. सर्व्हिसमधे आपण काय करतो, एखाद्या ठिकाणचं टेन्युअर, म्हणजे ठरलेली मुदत, झाली की युनिटमधे कुणीतरी म्हणतं तुझं हे बनतंय, आपण रिबन वाढवतो, इन्स्पेक्शनला सगळ्यांच्या छातीवर तेच असतं, कुणी विचारत नाही. पण मेडल रेकॉर्डमधून, म्हणजे रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातून येतं, आणि रेकॉर्डमधे तेव्हाच येतं जेव्हा तुमच्या नावाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीची लेखी ऑर्डर, निघालेली असते. ऑर्डर निघाली नसेल तर वीस वर्षं रिबन लावून फिरलात तरी कागदावर ते मेडल तुमचं नाही. रिबनमुळे माणसाला वाटतं की आपलं सगळं पूर्ण आहे, आणि खरं काय ते कळतं रिटायर झाल्यावर, पूर्ण मेडल लावायची वेळ येते तेव्हा.

माझं सियाचिन ग्लेशियर मेडलचं असंच झालं. मी तिथं दुसऱ्या बटालियनबरोबर अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरता जोडलेला होतो. ज्यांच्याबरोबर पोस्टवर होतो त्यांच्या ऑफिसला वाटलं याची पेरेंट युनिट, म्हणजे मूळची पलटण, ऑर्डर काढेल, पेरेंट युनिटला वाटलं जिथं होता ते काढतील. कुणीच काढली नाही. रिबन मात्र छातीवर होती, पेन्शनीवर येईपर्यंत होती. डिस्चार्ज बुकात, म्हणजे रिटायर होताना मिळालेल्या नोंदींच्या पुस्तकात, मेडलच्या कॉलममधे सैन्य सेवा, हाय अल्टिट्यूड, ऑपरेशन पराक्रम, स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचं, वीस वर्षांच्या नोकरीचं, नऊ वर्षांच्या नोकरीचं सगळं आहे आणि सियाचिनची ओळच नाही.

मग मी एका ऑफिसात गेलो. कुठलं ते लिहीत नाही, तिथं चांगली माणसंही आहेत आणि मला कुणाच्या नोकरीवर बोट ठेवायचं नाही. तिथल्या बाबूंनी पहिल्यांदा काय सांगितलं तर, रिबन लावत होता ना, मग झालं की, बाजारातनं मेडल घ्या आणि लावा, कोण बघतंय. मला हे वाक्य आजपर्यंत विसरता आलेलं नाही. कोण बघतंय म्हणजे काय? माझ्या शेजारी त्या पोस्टवर जे होते ते बघतायत ना. त्यातले दोघं खाली आले नाहीत, त्यांच्या घरी ते मेडल आहे, मी ते बाजारातनं आणून लावू?

दुसऱ्या वेळी सांगितलं युनिटकडून लिहून आणा. युनिट म्हणाली तुम्ही आता आमच्या स्ट्रेंग्थवर (पटावर) नाही, रेकॉर्डला लिहा. रेकॉर्डला लिहिलं तर उत्तर आलं की अर्ज योग्य मार्गाने पाठवा, आणि योग्य मार्ग म्हणजे परत तेच ऑफिस. तिथं अर्ज घेतला, पोच दिली नाही. पोच मागितली तर म्हणाले इथं विश्वासावर चालतं. पुढच्या खेपेला अर्जच सापडेना. झेरॉक्स होती म्हणून परत दिला, तोपर्यंत बाबू बदललेले. नवीन आलेल्यांनी विचारलं तुम्ही सियाचिनला होता याला पुरावा काय. बरोबर आहे, पुरावा मागणं त्यांचं काम आहे, पण मग पहिल्याच दिवशी का नाही मागितला? पहिल्या दिवशी एका कागदावर लिहून दिलं असतं की हे हे आणा, तर पुढचं सगळं वाचलं असतं. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. नाही म्हणा, पण लेखी नाही म्हणा. तोंडी उत्तरावर माणूस वर्षानुवर्षं हेलपाटे घालतो आणि कागदावर त्याचा एक शब्द नसतो.

शेवटी सुटलं ते पगाराच्या कागदांमुळे. ग्लेशियरवर असतानाचा सियाचिन अलाउन्स मला मिळालेला होता, जुन्या पे स्टेटमेंटमधे तो महिन्यासकट दिसत होता. म्हणजे माझं तिथं असणं सरकारने पैसे देताना मान्य केलेलं होतं, फक्त मेडलसाठी मान्य नव्हतं! त्याची कॉपी, वर जातानाच्या मूव्हमेंट ऑर्डरची कॉपी आणि त्या बटालियनच्या तेव्हाच्या सिनियर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) साहेबांचं एक पत्र, असं लावून आरटीआयमधे एकच प्रश्न विचारला की माझ्या अर्जावर आजपर्यंत काय कारवाई झाली, तारखेनिशी. त्यानंतर फाइल हलली. ऑर्डर निघाली, रेकॉर्डमधे नोंद झाली, मेडल नंतर घरी आलं. कडेवर माझा नंबर आणि नाव कोरलेलं. बाजारातल्या मेडलावर हे नसतं.

पण मधे बटालियनचं रियुनियन होऊन गेलं, त्याला मी ते मेडल न लावता गेलो. सगळे म्हणाले अरे लाव की, आम्हाला माहिती आहे तू होतास. लावलं नाही. त्या दिवशी रांगेत उभं राहताना जे वाटलं ते कुठल्या ऑफिसला सांगून कळणार नाही. म्हणून तुम्हाला इतकं लांबलचक लिहितोय.

तर साहेब, बाजारात जायच्या आधी डिस्चार्ज बुक उघडा आणि मेडलच्या कॉलममधल्या नोंदी तुमच्या नऊ रिबनशी जुळवा. नोंद आहे पण मेडल आलं नाही, हा प्रकार खूप जणांचा आहे, त्यात फार काळजी नाही, रेकॉर्डला अर्ज टाका आणि तोपर्यंत रेप्लिका, म्हणजे बाजारातली प्रतिकृती, लावायला माझ्या मते हरकत नाही कारण हक्क कागदावर आहे. नोंदच नाही, तर ते मेडल 26 तारखेला लावू नका. मला माहितीय हे कडक वाटेल, काही जण मला खाली बोलतीलही, पण शाळेतली पोरं तुमच्या छातीकडे बघून शिकणार आहेत. सहाच लावा. सहा मेडल कमी नाहीत.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करा आणि एक कॉपी स्वतः स्पीड पोस्टाने रेकॉर्डला पाठवा. तुम्ही मराठा असाल तर बेळगाव, नाहीतर तुमच्या रेजिमेंटचं जे असेल ते. अर्जात मेडलचं नाव, त्या काळातलं युनिट, जागा, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि ऑर्डर नंबर माहीत असेल तर तो. पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. आणि जे बोलतील ते त्यांच्यासमोर डायरीत लिहा, तारखेसकट, त्याने फरक पडतो. पगाराचे जुने कागद रद्दीत घातले असतील तर आधी ते शोधा, घरच्यांना विचारा, माझे धान्याच्या कोठीमागच्या पत्र्याच्या ट्रंकेत निघाले.

क्रमाचं पण बघा, मेडलं एका पट्टीवर बसवून देणारे माउंटिंगवाले सर्रास चुकवतात. सगळ्यात मोठं मेडल छातीच्या मध्याकडे, म्हणजे आपल्या उजव्या हाताला, आणि तिथून बाहेर उतरत जायचं. सियाचिन असेल तर ते ऑपरेशन विजय मेडल आणि पराक्रमच्या आधी, मग सैन्य सेवा, मग हाय अल्टिट्यूड, विदेश सेवा, मग स्वातंत्र्याच्या वर्धापनाचं, आणि तीस, वीस, नऊ वर्षांची शेवटी. यूएन मिशनचं मेडल असेल तर ते सगळ्यांच्या नंतर. कारगिलवाल्यांनी लक्षात ठेवा, ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल ही दोन वेगळी आहेत, स्टार वरचा आहे आणि तो सियाचिनच्याही आधी येतो. मेडलं जास्त झाली की एकावर एक चढतात, तेव्हा आतलं, म्हणजे सगळ्यात मोठं, ते पूर्ण दिसलं पाहिजे.

अजून एक, रिबनमधे जे दिसत नाही ते पूर्ण मेडलात दिसतं. सैन्य सेवा मेडलची रिबन सगळ्यांची सारखीच, पण मेडलाच्या वर जी क्लास्पची पट्टी असते तिच्यावर जम्मू काश्मीर आहे का हिमालय का नेफा (आताचा अरुणाचल) ते लिहिलेलं असतं. म्हणजे माणूस कुठं होता ते तिथं कळतं. म्हणून रेप्लिका घेताना क्लास्प विसरू नका, दुकानदार विचारत नाही आणि लावतही नाही. आणि तुमच्या क्लास्पची नोंद डिस्चार्ज बुकात काय आहे तेच लावा, दुकानात उरलेला आहे तो नको.

ओरिजिनल मेडलं माउंटिंगला देऊ नका हे माझं ठाम मत. आमच्या तालुक्यातल्या एका माजी सैनिकांच्या वडिलांची दुसऱ्या महायुद्धातली मेडलं एका दुकानदाराने चमकवून देतो म्हणून मशीनवर घातली, पृष्ठभागाची सगळी नक्षी गेली. रेप्लिका माउंट करून लावा, ओरिजिनल सुती कापडात गुंडाळून कोरड्या डबीत. ब्रासो (पितळेचं पॉलिश) अजिबात नको. रिबनवर ऊन पडू देऊ नका, रंग उडतात. कोकणात दमट हवेला प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर आत पाणी धरतं, तेव्हा तसं करू नका.

कापडाचं म्हणाल तर नऊ फुल साइज मेडलांचं वजन बऱ्यापैकी होतं, पातळ नेहरू जाकीट पुढे ओढलं जातं आणि सगळी रांग वाकडी होते. टेलरला सांगून खिशाच्या वर आतून कॅनव्हास घालून घ्या.

खाली एका ताईंनी विचारलंय की त्यांचे मिस्टर शहीद झाले, त्यांची मेडलं त्या लावू शकतात का. ताई, लावू शकता, आणि उजव्या छातीवर लावायची. ज्याने मिळवली त्याची डावीकडे, त्याच्या माघारी घरच्यांनी लावली तर उजवीकडे. शहिदांच्या जवळच्या नातेवाइकांना स्मारकावरच्या मानवंदनेसारख्या कार्यक्रमात अशी मेडलं लावायला आर्मीने काही वर्षांपूर्वी परवानगीही दिली आहे. पदर उजव्या खांद्यावरून घेत असाल तर मेडलं झाकली जातील, त्या दिवशी डाव्या खांद्यावरून घ्या किंवा वर शाल न घेता जाकीट घाला. कुणी अडवलं तर कार्यक्रमाच्या ओसीला (प्रमुख अधिकाऱ्याला) किंवा जेसीओ साहेबांना शांतपणे सांगा, सैन्यातला माणूस अडवणार नाही.

आणि ज्यांच्याकडे आजोबा, पणजोबांची पहिल्या-दुसऱ्या महायुद्धातली मेडलं आहेत, सातारा-सांगली-कोल्हापूरला घरोघरी असतील, त्यांनी ती स्वतःच्या मेडलांच्या रांगेत मिसळू नका. आपली डावीकडे, त्यांची उजवीकडे. कडेवर नंबर आणि नाव असेल तर भिंगातून बघून वहीत लिहून ठेवा, पुढच्या पिढीला तेवढा एकच दुवा असतो.

हवालदार साहेब, तुम्ही तुमच्या डिस्चार्ज बुकच्या मेडलच्या पानाचा फोटो टाका, आर्मी नंबर आणि नाव झाकून. नऊपैकी कुठल्या तीनची नोंद नाही ते आधी बघू. अटॅचमेंटवर होता का कधी, आणि कुठल्या साली, ते पण लिहा, कारण मला संशय तिथंच आहे. अर्जाचा मसुदा मी माझाच पाठवतो, तारखा आणि युनिट तेवढं बदलून घ्या. 26 तारखेच्या आत मेडल येणार नाही, पण अर्ज मात्र त्याच्या आत गेला पाहिजे.