स्वस्तातली ब्लेंडेड माल्ट स्कॉच कोणती घ्यावी? नुसती प्यायला आणि कॉकटेलला, दोन्हीला चालेल अशी?

एकच बाटली घ्यायची असेल तर डोळे झाकून मंकी शोल्डर. मात्र लेबल नीट वाचा, ‘ब्लेंडेड स्कॉच’ आणि ‘ब्लेंडेड माल्ट’ यांत दुकानदारसुद्धा गल्लत करतात. ब्लॅक लेबल, टीचर्स यांत ग्रेन व्हिस्की (मका, गव्हासारख्या धान्याची) मिसळलेली असते. ब्लेंडेड माल्टमध्ये ती अजिबात नसते, नुसत्या माल्टच (मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्की), पण एकाहून अधिक डिस्टिलरींमधल्या.

मंकी शोल्डर स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातली. व्हॅनिला, मध, संत्र्याची साल अशी गोडसर चव, धुराचा स्वाद जवळपास नाहीच. विल्यम ग्रँटवाल्यांनी (ग्लेनफिडिक त्यांचीच) ती आणली तेव्हापासून बारवाल्यांवर डोळा ठेवूनच विकली. ओल्ड फॅशन्ड कॉकटेलमध्ये साखर आणि बिटर्स (कडसर मसालेदार अर्क) पडले तरी ती दबत नाही. व्हिस्की सावर या लिंबाच्या कॉकटेलमध्येही छान, फक्त साखरेचा पाक जरा कमी घाला.

शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातला सुक्या मेव्याचा स्वाद आवडत असेल तर नेकेड माल्ट बघा. जॉनी वॉकर ग्रीन लेबल मात्र वेगळ्याच पातळीवरची: १५ वर्षं मुरलेली, टॅलिस्कर आणि कूल ईला या डिस्टिलरींच्या माल्टमुळे मागे हलका धूर. ‘स्वस्त’मध्ये ती बसत नाही, आणि लिंबू-साखरेत ती घालवणं मला तरी पाप वाटतं. चमचाभर पाणी घालून सावकाश प्या.

गोव्यात बाटली महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडते, पण परवान्याशिवाय हद्दीपलीकडे आणू नका.