सगळ्यांनाच ‘व्हायरस’ म्हणावे का?

वर्म, ट्रोजन, रॅन्समवेअर या संगणकाला अपाय करणाऱ्या सर्व प्रोग्रॅमना मराठीत सरसकट ‘व्हायरस’ किंवा ‘विषाणू’ म्हणता येईल का, असा प्रश्न आहे. बोलताना तसे म्हटले तरी निभावते. लेखनात मात्र ते टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणकशास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी 1984 च्या शोधनिबंधात केलेल्या व्याख्येनुसार, इतर प्रोग्रॅममध्ये फेरफार करून त्यांत स्वतःची प्रत घुसवणारा प्रोग्रॅम म्हणजे व्हायरस. जैविक विषाणूची वाढही यजमान पेशीवाचून होत नाही, म्हणून ‘विषाणू’ हा प्रतिशब्द येथे चपखल बसतो. 1986 मधील ‘ब्रेन’ या व्हायरसने फ्लॉपीच्या बूट सेक्टरचा (संगणक सुरू होताना प्रथम वाचल्या जाणाऱ्या भागाचा) आश्रय घेतला, तर 1999 मधील ‘मेलिसा’ने वर्डच्या फाइलमधील मॅक्रोचा, म्हणजे फाइलमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा.

वर्मला असा यजमान लागत नाही; नोव्हेंबर 1988 मधील मॉरिस वर्मप्रमाणे तो नेटवर्कवरून स्वतःच पसरतो. त्याला ‘कृमी’ म्हणावे, तर कृमी म्हटल्यावर आपल्याला दुसऱ्याच्या पोटात जगणारा परजीवी आठवतो आणि नेमका उलटा अर्थ सूचित होतो. ‘वर्म’ हेच रूप ठेवावे, तर ‘वर्मावर बोट ठेवणे’ यातला मर्मस्थान या अर्थाचा शब्द मराठीत आधीपासून आहे. पण तो नपुंसकलिंगी असल्याने प्रोग्रॅमसाठी ‘तो वर्म’ असे पुल्लिंगी रूप कटाक्षाने वापरले की घोटाळा होत नाही. हा वर्म बहुधा संगणकप्रणालीच्या वर्मावरच घाव घालतो, हा योगायोग मला फार आवडतो.

ट्रोजन स्वतःच्या प्रती काढत नाही. उपयुक्त असल्याचे भासवून तो वापरकर्त्याच्याच हातून आत प्रवेश मिळवतो. ‘ट्रोजन’ म्हणजे ट्रॉयचा; पण ग्रीक कथेत पोटात सैनिक लपवून फसवणारा लाकडी घोडा ग्रीकांचा होता आणि फसले ते ट्रॉयचे लोक, त्यामुळे नुसते ‘ट्रोजन’ म्हणणे तर्काला धरून नाही. तरीही ते रूढ झाले आहे, म्हणून पहिल्या उल्लेखात ‘ट्रोजन घोडा’ लिहावे, एवढेच सुचवतो.

रॅन्समवेअर आणि स्पायवेअर (गुपचूप पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर) ही नावे प्रसाराच्या रीतीवरून नव्हे, तर हेतूवरून पडली आहेत. म्हणूनच फाइली कूटबद्ध करून (उघडता येऊ नयेत अशा करून) पैसे मागणारा आणि विंडोजमधील त्रुटीचा फायदा घेऊन आपोआप पसरणारा 2017 मधील ‘वॉनाक्राय’ एकाच वेळी रॅन्समवेअरही होता आणि वर्मही. रॅन्समवेअरला ‘खंडणीखोर सॉफ्टवेअर’ हा शब्द मला नेमका वाटतो, आणि या सर्वांचा एकत्र उल्लेख करताना ‘मालवेअर’ किंवा ‘घातक सॉफ्टवेअर’ म्हणावे.