दहावीनंतर प्लास्टिकचा डिप्लोमा करावा का?

प्रश्न: मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात बावीस वर्षं मशीन चालवतो. मुलगा दहावी पास झाला. त्याला छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या प्लास्टिक शिकवणाऱ्या संस्थेत, प्लास्टिकचा डिप्लोमा करायचा आहे. २०१८च्या प्लास्टिकबंदीत माझ्या मेहुण्याचा पिशव्यांचा धंदा बसला. आमच्याकडेही चार माणसांचं काम आता दोघांत भागतं. मुलानं या लाइनीत यावं का? की रबराकडे जावं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

बावीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाची भीती मी हलक्यात घेणार नाही. पण मेहुण्यांचा धंदा बसणं आणि तुमच्याकडची माणसं कमी होणं, ही दोन वेगळी दुखणी आहेत. ती एकत्र धरली तर मुलाबाबतचा निर्णय चुकेल.

राज्याची २३ मार्च २०१८ची अधिसूचना काय, किंवा १ जुलै २०२२ पासूनची देशभरातली बंदी काय, दोन्हींचा रोख पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, स्ट्रॉ अशा एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर होता. ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी पाइप, भाजीचे क्रेट, गाडीचा डॅशबोर्ड यांना हात लागला नाही. उलट केंद्राच्या २०२२च्या नियमांनी कठीण प्लास्टिकच्या वेष्टनात पुनर्वापराच्या मालाचं प्रमाण ठरवून दिलं: २०२५-२६ साठी ३० टक्के, पुढे २०२८-२९ पर्यंत ६० टक्के. जुना माल वितळवून त्याचा पुन्हा दाणा करणं जळगावला नवं नाही. पण चटईला चालणारा दाणा शाम्पूच्या बाटलीला चालत नाही. तिथे प्रत्येक गोणीतला माल सारखाच वितळला पाहिजे, रंग-वास बदलता कामा नये. ते तपासणारा शिकलेला माणूस लागतो.

दुसरं दुखणं मात्र खरं आहे. इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवणाऱ्या, मशीनवर आता रोबो पीस उचलतो. दार उघडून पीस काढणं, गेट (प्लास्टिक शिरल्या जागी उरलेला तुकडा) कापणं ही कामं आटत चालली आहेत, आणि उरलेली बहुतेक ठेकेदारामार्फत होतात. तेवढ्यासाठी मुलानं तीन वर्षं घालवू नयेत. पण नवा मोल्ड, म्हणजे साचा, चढवलाय, पीस शॉर्ट (अर्धवट भरलेला) येतोय, कडेला फ्लॅश (जादा पातळ पापुद्रा) सुटतोय, नायलॉनवर चंदेरी रेघा उठतायत. अशा वेळी दाण्यात ओल राहिली, बॅरल जास्त तापलं की साच्यातली हवा बाहेर पडत नाही, हे ओळखणारा माणूस वाळूज आणि चाकणमध्ये शोधावा लागतो.

सिपेटचे दहावीनंतरचे डिप्लोमा दोन: प्लास्टिक टेक्नॉलॉजी आणि प्लास्टिक मोल्ड टेक्नॉलॉजी. दोन्ही तीन वर्षांचे, प्रवेश परीक्षा देऊन. मुलाला भूमिती आणि चित्रं काढणं आवडत असेल, तर माझा कौल मोल्डला. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, म्हणजे त्याचे रबरी होज आणि ऑइल सील गेले. पण बॅटरीची कव्हरं आणि कनेक्टर आले. प्लास्टिकचा भाग बदलला की साचा नवा करावा लागतो, म्हणून साचेवाल्याचं काम थांबत नाही. चिकलठाण्याला सिपेटमध्ये प्रत्यक्ष जाऊन यंदा कोणता डिप्लोमा चालू आहे, फी किती, वसतिगृहात जागा आहे का, हे विचारून या. तिथेच साचेकाम शिकवणारी इंडो-जर्मन टूल रूमही आहे, एकाच फेरीत तीही पाहा. सिपेटला नंबर लागला नाही, तर आयटीआयचा टूल अँड डाय मेकर (साचे-हत्यारं बनवणारा) ट्रेड मी दुय्यम मानत नाही.

रबराचं थोडक्यात. टायर विजेच्या गाडीलाही लागतात, बॅटरीच्या वजनानं ते झिजतातही लवकर, त्यामुळे तो धंदा बुडणार नाही. मुंबईच्या शासकीय तंत्रनिकेतनात रबर टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा आहे. पण घरापासून इतकं लांब, मुंबईचा खर्च सोसून, मुलाची ओढ नसताना पाठवू नका.

फॉर्म भरण्याआधी एक करा. घरातली प्लास्टिकची बादली त्याच्यासमोर उलटी ठेवा आणि वितळलेलं प्लास्टिक साच्यात कुठून शिरलं असेल, ते शोधायला सांगा. तळाच्या मधोमध बारीक टिपका आहे. तो सापडल्यावर "मग बादली साच्यातून निघाली कशी?" असं त्यानं आपणहून विचारलं, तर त्याच आठवड्यात संभाजीनगरची गाडी पकडा.