२००८ साली आयफोन ३जी सोडून नोकिया ई७१ घेण्यात शहाणपण होते का?

ज्याचे निम्मे काम ईमेल आणि संदेश लिहिण्याचे होते, त्याच्यासाठी नक्कीच होते. ई७१ची बटणे बारीक असली तरी त्यांच्या उंचवट्यामुळे ती न पाहताही बोटांना सापडत, आणि १५०० एमएएचची बॅटरी उतरल्यास मागचे झाकण उघडून दुसरी बसवता येई. आयफोनमध्ये ही सोय नव्हती, इतकेच नव्हे, तर मजकूर कॉपी-पेस्ट करण्याची साधी सुविधाही त्यात २००९ साली आली. इंटरनेट पाहताना मात्र ई७१ची २.३६ इंचांची स्क्रीन आयफोनच्या ३.५ इंचांपुढे अगदीच तोकडी पडे. फोनखेरीज वेगळा पीडीए (पत्ते, नोंदी, वेळापत्रक ठेवण्याचे हातात मावणारे छोटे यंत्र) बाळगण्यात तर मला तेव्हाही अर्थ वाटत नव्हता, कारण खिशात फोन लागणारच होता.