विमानाचा पंख घासला, म्हणून साडेअकरा लाख भरायचे का?

ताई, तुमचा वीस वर्षांचा मुलगा सोलो, म्हणजे एकट्याने, उड्डाण करून उतरला. ॲप्रनकडे, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेकडे, टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवत नेताना) त्याच्या सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या डाव्या पंखाचं टोक उभ्या असलेल्या दुसऱ्या सेस्नाच्या रडरला, म्हणजे शेपटाच्या हलत्या सुकाणूला, लागलं. इजा कुणालाच नाही. त्याच रात्री उड्डाण प्रशिक्षण संस्थेने त्याच्याकडून ‘माझ्या निष्काळजीपणामुळे घडले’ असं लिहून घेतलं. आता पंधरा दिवसांत साडेअकरा लाख मागतात आणि लॉगबुकही अडकवून ठेवलंय. दागिने मोडू का, असं विचारलंत. मोडू नका, आणि आणखी एकाही कागदावर त्याला सही करू देऊ नका.

आधी लॉगबुक. भारतीय करार कायद्याच्या कलम १७१ प्रमाणे येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू ठेवून घेण्याचा सर्वसाधारण हक्क बँका, अडते, विमा दलाल अशा मोजक्यांनाच आहे. बाकीच्यांना तो करारात स्पष्ट लिहिलेला असेल तरच मिळतो. तुम्ही पाठवलेल्या प्रवेशअर्जात तसं काही नाही. कमर्शियल लायसन्ससाठी लागणाऱ्या २०० तासांचा हिशेब त्या वहीत आहे, म्हणून नोटिशीत पहिली मागणी तिचीच करा.

आता पैसे. अर्जात ‘विमानाचं नुकसान प्रशिक्षणार्थीकडून वसूल केलं जाईल’ अशी ओळ आहे, पण तो कोरा चेक नव्हे. नुकसान किती झालं ते संस्थेने दाखवायचं. रक्कम आधीच ठरवून लिहिली असती, तरी कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते आणि नुकसान सिद्ध करणं शक्य असेल तर करावंच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात सांगितलं. तेव्हा दुरुस्तीचं बिल आणि विम्याची पॉलिसी मागा. विमा कंपनीने भरलेली रक्कम संस्थेला तुमच्याकडून पुन्हा घेता येत नाही. फार तर डिडक्टिबल, म्हणजे विम्यात न मिळणारा सुरुवातीचा हिस्सा, मागतील. विमा कंपनी स्वतः मुलाकडून वसूल करू शकते का, हे पॉलिसीत विद्यार्थी वैमानिक धरलेत की नाही यावर ठरेल.

चूक कुणाची? मुलाने काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. दुसऱ्या विमानाचं शेपूट ज्या पिवळ्या रेषेवरून विमान न्यायचं असतं तिच्या अगदी जवळ आलंय, चाकांना चोक (अडकणी) नाहीत, आणि आसपास खुणा करून वाट दाखवणारा मार्शलर दिसत नाही. सेस्ना १७२ चा पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर, म्हणजे विमानाच्या मध्यापासून प्रत्येक बाजूला साडेपाच. नवख्याला तेवढा अंदाज बांधणं अवघडच. तरीही खरं सांगते: सोलोवर तोच पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक, होता, रेषेवर होतो म्हणून सुटका होत नाही, शंका आली की थांबायचं असतं. थोडा भार त्याच्यावर येईल, पण सगळा नाही. रात्री मुख्य प्रशिक्षकाच्या केबिनमध्ये घेतलेली सही कलम १६ खाली, अनुचित प्रभावाखाली घेतलेली म्हणून, आव्हान देण्याजोगी आहे.

अशी घटना डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, कळवावी लागते. ती कळवली का, हे लेखी विचारा. मात्र ‘नाहीतर तक्रार करू’ अशी धमकी पैशांच्या बोलणीत आणू नका, ती तुमच्यावरच उलटेल.

ग्राहक आयोगात संस्था ‘शिक्षण ही सेवा नाही’ असा बचाव घेईल, त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या पी. टी. कोशी निकालाचा आधार आहे. मला दिवाणी न्यायालय बरं वाटतं. अर्जात लवादाचं कलम असेल तर ते आधी दाखवा.

मुलगा जेवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याला आज शेजारी बसवा आणि कागदावर ॲप्रनचं चित्र काढायला सांगा: दोन्ही विमानं कुठे होती, वेळ काय, वारा कुठून होता, कोण उभं होतं. खाली तारीख घालून ते मला पाठवा.